मागच्या सीटवरचं वजन

१

निरीक्षकांचा एक लाडका सिद्धांत होता. माणसं खोटं बोलतात, वजन बोलत नाही. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासत फिरलेल्या माणसाने असं म्हणावं यात नवल नाही. नवल एवढंच, की निवृत्तीनंतरही ते हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि ऐकायला घरात एकच माणूस होतं. त्यांची बायको. ती तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती, म्हणून ओळखीपाळखीचे सगळे तिला सिस्टर म्हणत, आणि आपणही तेच म्हणू.

प्रवासाच्या आठव्या दिवशी सकाळी निरीक्षक लॉजच्या खोलीत ताणकाट्याला पिशव्या अडकवून त्यांचं वजन करत होते. डावी पिशवी नऊ किलो. उजवी नऊ किलो शंभर ग्रॅम. मग उजवीतला साबण डावीत गेला. सिस्टर पलंगाच्या कडेवर बसून गुडघ्याला पट्टा बांधत होत्या.

"काल तो डावीकडून उजवीकडे गेला होता," त्या म्हणाल्या. निरीक्षकांनी डावी पिशवी पुन्हा काट्याला अडकवली.

बाहेर व्हरांड्यात त्यांची जोडसायकल उभी होती. एकामागे एक दोन सीट, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या, पण दोन्ही एका साखळीने बांधलेल्या, त्यामुळे एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचेही फिरणार. ब्रेक आणि गियर फक्त पुढच्याकडे. पुढे अर्थात निरीक्षक. त्यांच्या मानेचे मणके झिजले होते आणि मान वळवायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. मागे बघायचं तर अख्खं धड फिरवावं लागे, आणि चालत्या सायकलवर ते करायला गेलं की दोघंही खड्ड्यात. म्हणून निघण्यापूर्वीच त्यांनी नियम केले होते आणि एका पुठ्ठ्यावर लिहून हँडलला बांधले होते. मागचं माणूस बसलं की त्याने पुढच्याच्या पाठीवर दोनदा थोपटायचं. दोनदा थोपटलं की पुढच्याने काहीही न विचारता निघायचं. एकदा थोपटलं की थांबायचं. चढावर बोलायचं नाही.

हँडलवर एक छोटा गोल आरसाही होता. मागून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून. पण तिसऱ्याच दिवशी सिस्टरांच्या लक्षात आलं, की आरसा गाड्यांकडे नाही, आपल्या गुडघ्यांकडे वळवलेला आहे. तू पाय नुसते फिरवतेस, जोर लावत नाहीस, मला पायडलमधून कळतं, असं निरीक्षक रोज म्हणत होते, आणि आता ते पुरावा गोळा करत होते. सहाव्या दिवशी सिस्टरांनी काही न बोलता पान्याने आरसा काढला आणि आपल्या पिशवीच्या तळाशी टाकला. त्यावरून दोन दिवस घरात, म्हणजे सायकलवर, अबोला होता.

पट्टा बांधून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "लॉजवाले सांगत होते, पुढे ट्रकचा वजनकाटा आहे, तिथे साडेनऊला परतीची बस थांबते. मी तिथून घरी जाते."

"अजून सात दिवस बाकी आहेत."

"तुम्ही करा पुरे. अहो, सात दिवस मी फक्त तुमची पाठ बघतेय. पाठीला माझी ना नाही. पण रस्ता मलाही बघायचा होता. एक दिवस मला पुढे बसू द्या म्हटलं, तर तुम्ही नियम दाखवलात."

निरीक्षकांना खूप काही म्हणायचं होतं. रिकाम्या सीटचा प्रवास त्यांना नको होता. रिकाम्या घराची सवय करायची वेळ कधीतरी येईल ही भीती त्यांना अलीकडे भरदुपारीही गाठायची, आणि हा सगळा उपद्व्याप त्यांनी त्या भीतीपोटीच काढला होता. पण असलं बोलायची जीभ त्यांना नव्हती. त्यांनी साबण पुन्हा उजव्या पिशवीत टाकला आणि ताणकाटा वर धरला.

२

लॉजच्या फाटकापाशी निरीक्षक पुढच्या सीटवर बसले, एक पाय जमिनीवर टेकून वाट बघू लागले. पाठीवर दोनदा थोपटल्याचं जाणवलं. त्यांनी पाय उचलला आणि पायडल मारलं.

"अहो, थांबा! मी अजून चप्पलच घालतेय."

सायकल डुगडुगली. पडता पडता त्यांनी ती सावरली. सिस्टर तीन पावलं डावीकडे, फाटकाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. एक पाय चपलेत, एक बाहेर.

मग थोपटलंस कशाला, असं निरीक्षकांनी विचारलं. सिस्टरांनी थोपटलंच नव्हतं. त्यांनी तसं शांतपणे सांगितलं, आणि निरीक्षकांना ते शांतपण जास्त झोंबलं. पिशवीचा बंद वाऱ्याने पाठीवर आपटला असेल, असा त्यांनी निकाल दिला. वारा नव्हता. पण निकाल देऊन झाला होता आणि तो फिरवायची त्यांना खात्यातही सवय नव्हती.

३

रस्ता कालव्याच्या बांधावरून सरळ पूर्वेला जात होता. डावीकडे पाणी, उजवीकडे कापणी झालेली रानं, मध्ये जेमतेम एक बस जाईल एवढी डांबरी पट्टी. ऊन समोरून येत होतं. सिस्टर अधूनमधून एका बाजूला झुकून निरीक्षकांच्या खांद्यावरून रस्ता बघत, तेव्हा सायकल किंचित कलत असे. आठ दिवसांत निरीक्षकांना तो कल पाठ झाला होता.

आज काहीतरी बिनसलं होतं. मागचं चाक जड वाटत होतं. निरीक्षकांना स्वतःच्या अंदाजाचा भारी अभिमान होता. तांदळाची पिशवी नुसती उचलून ते पाव किलोपर्यंत वजन सांगत. स्वतः सत्तर किलो, सायकल बावीस, पिशव्या अठरा, सिस्टर अठ्ठावन्न. ही बेरीज त्यांच्या मांड्यांना माहीत होती, आणि मांड्या म्हणत होत्या, की आज बेरीज जास्त भरतेय.

एकदा उतरून त्यांनी टायर दाबून पाहिलं. हवा पुरेशी होती. ब्रेक कुठे घासत नव्हता. सिस्टर बांधाच्या कडेला उभ्या राहून पाण्याकडे बघत होत्या. मन खट्टू असलं की सगळंच जड लागतं, अशी समजूत घालून ते पुन्हा बसले. या वेळी त्यांनी तोंडानेही विचारलं, "बसलीस ना?"

"बसले," असं उत्तर आलं आणि मग पाठीवर दोनदा. नियमाबाहेरचा प्रश्न विचारल्याबद्दल त्यांना स्वतःचाच राग आला.

४

वजनकाटा म्हणजे रस्त्यालगत जमिनीच्या पातळीत बसवलेली लांब लोखंडी फळी, आणि शेजारी काचेची खिडकी असलेली खोली. खडी भरलेले ट्रक फळीवर उभे राहत आणि खोलीतल्या पडद्यावर आकडा उमटत असे. आत्ता ट्रक एकही नव्हता. काटेवाला खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता. निरीक्षक कोण हे कळल्यावर त्याने पाय खाली घेतले.

बसला अर्धा तास होता. सिस्टर उतरल्या, बाटल्या घेऊन खोलीमागच्या नळावर गेल्या. जाताना त्यांनी आपली छोटी पिशवीही सोडवून बरोबर नेली. निरीक्षकांना ते दिसलं. कुठेतरी लक्ष लावायला हवं म्हणून त्यांनी सायकल फळीवर नेली, तिच्यावर बसले, एक पाय फळीवरच टेकला आणि काटेवाल्याला आकडा वाचायला सांगितला.

"एकशे सत्तर," तो खिडकीतून म्हणाला.

"एकशे दहा असायला हवा."

"एकशे सत्तर आहे, साहेब."

निरीक्षकांनी उतरून सायकल नुसती उभी केली आणि स्वतः फळीच्या बाहेर गेले. चाळीस. बरोबर. पुन्हा बसले. एकशे सत्तर. काटेवाला स्वतः फळीवर येऊन उभा राहिला आणि निरीक्षकांनी आत जाऊन पाहिलं. ऐंशी, आणि तो म्हणालाही, की मी ऐंशीच आहे. फळी रिकामी केल्यावर शून्य. म्हणजे काटा ठीक होता. फक्त निरीक्षक सायकलवर बसले, की कुठून तरी साठ किलो येत होते.

त्यांनी काटेवाल्याला एक छोटंसं व्याख्यान दिलं. एवढ्या मोठ्या काट्याला इतकं हलकं वजन नीट कळत नाही, दर यंत्राची एक किमान मर्यादा असते, त्याखालच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो. हे सगळं खरं होतं. काटेवाल्याने मान डोलावली. मग तो म्हणाला, "पण साहेब, मघाशी बाई उतरल्यावर तुम्हीच सायकल फळीवर आणलीत. तेव्हा मला वाटलं, दोघं आहात."

कोण दोघं, असं विचारायचं निरीक्षकांच्या ओठांवर आलं होतं. ते सायकल रस्त्याच्या कडेला घेऊन गेले, पुढच्या सीटवर बसले आणि नळाचा आवाज ऐकत राहिले. आता सिस्टर येतील, निरोप घेतील, आणि आपण काय बोलायचं, याची ते जुळवाजुळव करत होते. एक वाक्यही जुळेना.

नळ बंद झाला. थोडा वेळ काहीच नाही. मग मागची सीट खाली दबली आणि पाठीवर दोनदा थोपटलं गेलं.

५

ती बसली! जायचं रद्द करून बसली!

निरीक्षकांनी काही न विचारता पायडल मारलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कुणाला दिसणार नव्हतं हे पुढे बसण्याचं एक सुख. सायकल वाऱ्यासारखी निघाली. सिस्टर आज जोर लावत होत्या, आणि असा तसा नाही, दोन माणसांचा. गियर वर गेला, आणखी वर गेला, तरी पायडल हलकंच. खोली मागे पडली, कालव्याचं पाणी बाजूने पळू लागलं, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा निरीक्षकांचं तोंड सुटलं.

ते पुढे बघत बोलत होते, त्यामुळे बोलणं सोपं गेलं. आरशाचं चुकलं, म्हणाले. तुझा गुडघा दुखतो हे मला ठाऊक होतं, तरी मी टोचून बोललो. घरी संध्याकाळी तू दुसऱ्या खोलीत असलीस तरी भांड्याचा आवाज आला नाही की मला करमत नाही, हे तुला कधी सांगितलं नाही. मग घसा खाकरून त्यांनी सगळ्यात मोठी गोष्ट देऊन टाकली.

"उद्यापासून तू पुढे बस. ब्रेक, गियर, सगळं तुझ्याकडे. मी मागे बसतो. तू नेशील तिकडे."

मागून शब्द आला नाही. पण एक तळहात त्यांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध येऊन टेकला आणि तिथेच राहिला. निरीक्षकांना भरून आलं. दीडेक किलोमीटर ते तसेच गेले. तळहात गार होता, पण तिने नुकतेच नळावर हात धुतले होते.

६

शर्टाच्या खिशातला फोन वाजला. एका हाताने हँडल धरून त्यांनी तो कानाला लावला.

"अहो," सिस्टर म्हणाल्या, "निदान निरोप घेऊन तरी जायचं."

फोनमध्ये नळाचे थेंब पडत होते.

"मी चेहरा धुवून येते तर तुम्ही गायब. एवढा राग? आणि हे काटेवाले म्हणतात, तुम्ही दोघं मिळून गेलात. मी त्यांच्या समोर उभी आहे तरी म्हणतात. मला इथून नुसता ठिपका दिसतोय तुमचा."

निरीक्षकांनी पाय थांबवायला पाहिले. पाय थांबले नाहीत. पायडलं फिरत होती आणि त्यांचे पाय त्यांवर नुसते बसून होते, वर, खाली, वर, खाली, जसे रोज सिस्टरांचे असतात असा त्यांचा आरोप होता. त्यांनी दोन्ही ब्रेक सर्व ताकदीने आवळले. टायरं घासली, सायकल थांबली, एक पाय कसाबसा जमिनीला लागला.

तळहात पाठीवरच होता.

उतर, त्यांनी स्वतःला सांगितलं. मघाशी उतरलास तेव्हा सीट रिकामी होती ना, मग आत्ताही असेल. एकशे दहा किलोच्या गोष्टीला एवढं काय घाबरायचं? पण उतरायचं तर वळावं लागेल, आणि वळलं तर दिसेल. पाय उचलेना. ते भित्रे नव्हते, निदान आजवर तसं समजत नव्हते. फोनमध्ये सिस्टर "अहो, ऐकताय ना?" म्हणत होत्या.

"येतो मी परत," ते म्हणाले. "तिथेच थांब."

७

लांबलचक सायकल अरुंद रस्त्यावर वळवायला त्यांना चार वेळा पुढेमागे करावं लागलं. बसल्या बसल्याच, पायांनी रेटत. मागचं वजन हललं नाही की अडलं नाही. पश्चिमेकडे तोंड झालं आणि ते निघाले. आता मागून जोर अजिबात नव्हता. सगळा भार एकट्या निरीक्षकांवर.

ऊन आता पाठीमागून येत होतं, त्यामुळे सावली पुढच्या चाकाच्या पुढे पडली होती. निरीक्षकांची टोपी, त्यांचे खांदे. एकच सावली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि श्वास जरा खाली बसला. मागचं माणूस असलं तरी त्याची सावली पुढच्याच्या सावलीत बुडते, हे त्यांच्या हिशेबी डोक्याला कळत होतं, पण ते डोकं त्यांनी गप्प केलं.

दूर वजनकाट्याची खोली दिसू लागली. खोलीसमोर एक उभी रेघ, सिस्टर.

तेवढ्यात सायकल उजवीकडे कलली. ओळखीचा कल. आणि रस्त्यावर त्यांच्या सावलीच्या खांद्याआडून दुसरं डोकं बाहेर आलं. पुढचं बघायला झुकलेलं. ते आत गेलं नाही. निरीक्षक जसजसे जवळ जात होते तसतसं ते आणखी बाहेर येत होतं. डोकं, मग मान, मग आणखी मान. एवढं वाकल्यावर माणूस सीटवरून पडायला हवं. हे पडत नव्हतं. ते त्या उभ्या रेघेकडे टक लावून बघत असावं, कारण रेघ जरा डावीकडे सरकली तसं तेही सरकलं.

निरीक्षकांनी ब्रेक दाबला. त्यांचा विचार अगदी स्वच्छ झाला होता. आपण हे तिच्याकडे घेऊन चाललो आहोत. हे आपल्यासाठी आलेलंच नाही.

मग त्यांनी आयुष्यातला सगळ्यात अवघड फोन केला. सिस्टरांनी लगेच उचलला, आणि त्या आवाजात इतका लोभ होता, की निरीक्षकांचा निश्चय डळमळला. म्हणून ते भरभर बोलले.

"मी येत नाही. तू बसने जा. नाहीतरी तुझा उपयोग शून्य. आठ दिवस मेलं ओझं ओढतोय मी. तू नसलीस की माझा प्रवास नीट होईल."

"बरं," सिस्टर म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

निरीक्षकांनी पुन्हा चार वेळा पुढेमागे करून सायकल पूर्वेकडे वळवली. ती वाचली, असं ते मोठ्याने म्हणाले. मागचं त्यांच्याबरोबर राहील, राहू दे. जाऊ दूर जितकं जाता येईल तितकं.

८

समोरून बस येताना दिसली. हीच ती, सिस्टरांना घरी नेणारी. रस्ता एवढा अरुंद, की निरीक्षकांना अगदी कडेला जाऊन, एक पाय बांधाच्या मातीत रोवून थांबावं लागलं. बसने वेग कमी केला. तिचा पत्रा त्यांच्या कोपराला लागेल इतक्या जवळून ती हळूहळू सरकत गेली. खिडक्या एकेक करून डोक्यावरून गेल्या. पाठीवरचा तळहात उचलला गेला.

मागची सीट टकन वर आली.

निरीक्षकांच्या मांड्यांना ते त्याच क्षणी कळलं. मागचं टायर फुगून उभं राहिलं, सायकल पोरासोरांच्या खेळण्यासारखी हलकी झाली. बस पुढे गेली होती, वजनकाट्याच्या दिशेने.

त्यांनी फोन लावला. वाजला, पण कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. या वेळी दोन घंट्यांनंतर कापला गेला. तिसऱ्यांदा लागलाच नाही. ओझं म्हटल्यावर कुठली बाई उचलेल? तिला कसं दुखवायचं हे तीस वर्षांत त्यांना नेमकं कळलं होतं आणि त्यांनी काम चोख केलं होतं. ते उतरले. आता पाय सहज उचलला. अख्खं धड वळवून त्यांनी मागे पाहिलं. सीट रिकामी. खूप लांब बस खोलीपाशी थांबली, उभी रेघ तिच्यात गेली, आणि बस निघाली. ते ओरडले. कालव्यापलीकडचे बगळे उडाले, एवढंच.

उतर, खाली उतर, असं त्यांनी लिहून पाठवलं. निरोप गेला की नाही कळेना. ते फोनकडे बघत उभे राहिले.

थोड्या वेळाने तिचाच निरोप आला. राग कितीही असला तरी गाडीत बसल्याचं कळवायचं, हा त्यांच्या घरचा सगळ्यात जुना नियम होता, आणि तो सिस्टरांनीच केलेला होता.

"बसले. खिडकी नाही मिळाली, तिथे एक बाई आधीच बसल्यात. बोलत नाहीत, पण सारख्या माझ्या बाजूला वाकून पुढचा रस्ता बघतात. आत्ता तर झोप आल्यासारखा हात माझ्या पाठीवरच टाकलाय."

निरीक्षकांनी सायकल फिरवली आणि बसच्या मागे पायडल मारायला सुरुवात केली. उभं राहून, छाती फुटेस्तोवर, मानेच्या मणक्यांची पर्वा न करता. बस लहान होत होती. मागे कुणीही नव्हतं. त्यांना ते एका किलोचीही शंका न राहता कळत होतं.